आबांनी ठेवलेल्या नोंदी

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमचे आबा वारले. चौकात लावलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावर त्यांच्या छायाचित्राखाली ‘१९७१च्या युद्धातील शूर सैनिक’ असे छापले होते आणि ते खरेच होते. मात्र दहाव्याला आमच्या अंगणात ज्या बायका येऊन बसल्या, त्यांपैकी बहुतेकींना त्या युद्धाविषयी काही सांगता आले नसते. त्या आल्या होत्या, कारण नवऱ्याच्या मागे त्यांना मिळणारे निवृत्तिवेतन आबांच्या खटपटीमुळे सुरू झाले होते. आजोबांच्या आयुष्याचा हा भाग फलकावर मावत नाही आणि गावाबाहेर तो कोणाला ठाऊकही नाही, म्हणून येथे लिहून ठेवते आहे.

आमचे गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या खोऱ्यात आहे. महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरांवर धो धो कोसळणारा पाऊस आमच्या बाजूला येईपर्यंत सरलेला असतो. त्यामुळे कोरडवाहू रानात शाळू-बाजरी घ्यायची आणि घरातल्या एका तरी मुलाने मुंबईची गिरणी गाठायची किंवा फौजेत भरती व्हायचे, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. सातारा जिल्ह्याच्या लष्करी परंपरेबद्दल अभिमानाने बोलले जाते. अपशिंगे गावाच्या नावाला लोक ‘मिलिटरी’ जोडूनच उच्चारतात, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. तो अभिमान मलाही आहे. पण आबा भरतीला गेले ते थोरल्या भावाने एका संध्याकाळी “औंदा घरात खाणारी तोंडं जास्त झाली” असे म्हटल्यावर, हे त्यांनी आमच्यापासून कधी लपवले नाही. १९६२च्या चीन युद्धानंतर सैन्याचा विस्तार चालू होता आणि १९६४ साली त्यांची निवड झाली. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून होती, जशी गुरुजींनी अंदाजाने घातलेली निम्म्या गावाची होती.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे. तिथे त्यांची रिक्रूटी झाली आणि मग ते पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. ही पलटण १७६८ साली उभी राहिलेली, रेजिमेंटमधली सर्वांत जुनी. सातवीपर्यंत शिकलेल्या आबांनी फौजेतल्या शिक्षणाच्या परीक्षा एकामागून एक दिल्या, रोमन लिपीतली हिंदी वाचायला शिकले, आणि अक्षर वळणदार असल्यामुळे त्यांच्याकडे कंपनीच्या कोताचे काम आले. कोत म्हणजे हत्यारे ठेवण्याची खोली. कोणत्या जवानाने कोणत्या नंबरचे हत्यार किती वाजता नेले, ते कोणत्या स्थितीत परत आले, याची नोंद तिथल्या रजिस्टरात करावी लागते, आणि एक जरी नंबर जुळला नाही तरी तो सापडेपर्यंत कोणी झोपत नाही. आबांचा पुढचा सगळा स्वभाव या खोलीत घडला असे मला वाटते. “काम झालं न्हाई म्हणायला कारण लागतं, नोंद झाली न्हाई म्हणायला कारण नसतं,” असे ते म्हणत.

११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपात आमच्या घराची मागची भिंत कलली. ती उभी करण्यात साठवलेले पैसे गेले आणि ठरलेले लग्न पुढच्या वैशाखावर गेले. लग्नात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आजीचे नाव बदलले. रजा संपवून परत गेल्यावर आबांनी पलटणीच्या कारकुनाला लग्न झाल्याचे कळवले, कारकुनाने बायकोचे नाव विचारले, आणि आबांच्या तोंडी जे नाव बसले होते, म्हणजे सोयरीक जुळवताना मामांच्या तोंडून ऐकलेले आजीचे माहेरचे घरगुती नाव, तेच त्यांनी सांगितले. तेवढ्यावर तो विषय संपला. या नावाकडे मी पुढे येणारच आहे.

युद्धाबद्दल ते फार बोलत नसत. मेघालयाच्या बाजूने ९५ माउंटन ब्रिगेड पूर्व पाकिस्तानात उतरली, तिच्यात त्यांची पलटण होती. ४ डिसेंबर १९७१ रोजी कमालपूरच्या ठाण्याने शरणागती पत्करली, मग बक्षीगंज, आणि पुढे ब्रह्मपुत्रा. जमालपूर हे नदीकाठचे मजबूत ठाणे होते. त्याच्यावर समोरून न जाता पात्र ओलांडून गावाच्या दक्षिणेला टांगाईलच्या रस्त्यावर जाऊन बसायचे, अशी योजना होती. नदी ओलांडताना सामान वाहायला गावकऱ्यांनी आपल्या बैलगाड्या दिल्या, हे सांगताना मात्र आबांचा चेहरा खुलत असे, कारण त्या बैलांच्या शिंगांची ठेवण आपल्या खिलारांपेक्षा किती वेगळी होती, हे त्यांनी तशाही वेळी पाहून ठेवले होते. ठाण्याच्या कमांडरला शरण येण्याविषयी पत्र धाडले गेले, तेव्हा त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ही हकिगत इतिहासाच्या पुस्तकांतही आहे. १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातली ती फौज बाहेर पडण्यासाठी सरळ मराठ्यांच्या मोर्चांवर चालून आली. पहाटेपर्यंत चाललेल्या त्या झटापटीत तिची जबर हानी झाली आणि जमालपूर पडले.

त्या रात्रीविषयी आबा एकच गोष्ट सांगत. सकाळी कंपनीतली हत्यारे मोजायचे काम त्यांच्याकडे आले. ज्यांच्याबरोबर बेळगावला एका बराकीत काढले होते, त्यांच्यापैकी एकाची रायफल दुसऱ्या जवानाने आणून त्यांच्यापुढे ठेवली. आबांनी नंबर पाहिला, तो बरोबर होता, आणि जमा म्हणून लिहून घेतला. नंतर ते म्हणत, की मी त्याच्या हत्याराची नोंद केली, पण त्याच्या घरी कोण कोण आहे हे मला विचारूनही ठेवलेले नव्हते.

युद्धाची ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही पदके घेऊन ते १९७३च्या उन्हाळ्यात रजेवर आले, तेव्हा दुष्काळ ऐन भरात होता. येरळा कोरडी पडली होती, जनावरे विकली गेली होती, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळत होती. एसटीतून उतरून पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन ते घराकडे निघाले, तेव्हा वाटेत रस्त्याच्या दुष्काळी कामावर बायका खडी फोडत बसल्या होत्या आणि त्यांच्यात आजी होती. माझी थोरली आत्या जवळच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत होती. आबांची मनीऑर्डर दर महिन्याला येत असे, पण ती एकत्र कुटुंबाच्या खर्चात जाई, आणि हजेरीचे पैसे व पोरीसाठी मिळणारी सुकडी घरात हवीच होती, म्हणून थोरल्यांनी आजीलाही कामावर धाडले होते. आबांनी ट्रंक बाभळीखाली ठेवली, मुकादमाकडून हातोडा मागून घेतला आणि आजीच्या ढिगाशेजारी बसले. दुसऱ्या दिवशीही गेले. उरलेली रजा त्यांनी तशीच खडी फोडण्यात घालवली, हजेरी मात्र आजीच्याच नावावर लागू दिली. आजी हे सांगताना आजही एक गोष्ट आवर्जून सांगते, की गणवेशातल्या माणसाने बायकोशेजारी बसून खडी फोडणे गावाला शोभत नाही, असे थोरल्या दिरांनी म्हटले, तेव्हा आबा उलट बोलले नाहीत आणि उठलेही नाहीत.

१९८२ साली हवालदार म्हणून ते निवृत्त झाले. पुढची काही वर्षे एका साखर कारखान्यावर सुरक्षारक्षकाची नोकरी केली, मग ती सोडून विहीर खोदली आणि शेतीच धरली. दर वर्षी ४ फेब्रुवारीला, म्हणजे १६७० साली मावळ्यांनी कोंढाणा घेतला त्याची आठवण म्हणून रेजिमेंट साजरा करते त्या मराठा दिनी, गावातल्या माजी सैनिकांना घरी बोलावून ते जेवू घालत. फौजी कॅन्टीनमधून मिळणारी दारूची बाटली गावात दुप्पट किमतीला खपते, हे सगळ्यांना माहीत होते; त्यांनी आपल्या वाट्याची बाटली कधी विकली नाही, आणि विकणाऱ्याच्या घरी चहाही घेतला नाही.

घरी परतलेल्या आबांना घरातले होण्यासाठी वेळ लागला. धाकटी आत्या त्यांना कितीतरी दिवस “पाहुणं” म्हणत असे, कारण वर्षातून एकदा येऊन दीड-दोन महिन्यांनी जाणाऱ्या माणसाला तिच्या समजुतीप्रमाणे दुसरे नाव नव्हते. आपल्या तिन्ही मुलांच्या जन्माच्या वेळी ते हजर नव्हते. दोघांची बातमी त्यांना ‘५६ एपीओ’ या फौजी टपालाच्या पत्त्यावर गेलेल्या पत्राने कळली आणि एकाची तारेने. पुढे आम्हा नातवंडांच्या वेळी मात्र ते सुनेच्या आणि लेकींच्या प्रत्येक बाळंतपणाला आधीच दवाखान्यात जाऊन राहिले. आतल्या कामाशी त्यांचा संबंध नव्हता. बाहेरच्या बाकावर ते थर्मास घेऊन बसत, रात्री तिथेच अंग टाकत, आणि बाळ रडल्याची वेळ खिशातल्या डायरीत लिहून ठेवत. माझी जन्मवेळ घरात कोणी विसरले तरी त्या डायरीत मिनिटासह आहे.

आता त्या नावाविषयी. नव्वदच्या दशकात शेजारच्या आळीतले एक निवृत्त नाईक अचानक गेले. त्यांच्या पत्नीने कौटुंबिक निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला, तो परत आला, कारण फौजेच्या नोंदीत पत्नीचे नाव वेगळे होते. लग्नात बदललेले नाव एक, शीट रोलवर, म्हणजे सैनिकाच्या नोंदपत्रकावर, कारकुनाने लिहिलेले दुसरे, आणि रेशनकार्डावर तलाठ्याने ऐकून लिहिलेले तिसरे. तीन नावांची ती एकच बाई होती, पण कागदांच्या हिशेबाने नाईकाची पत्नी कोण, हेच ठरेना. जवळपास दोन वर्षे ती बाई मजुरी करून कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत होती. आबांनी तिचे कागद हाती घेतले आणि त्या रात्री सहज म्हणून स्वतःचे डिस्चार्ज बुक काढून कंदिलाखाली वाचले. त्यात आजीच्या जागी तिचे माहेरचे घरगुती नाव होते. ते नाव आजीच्या मतदार यादीत नव्हते, सातबाऱ्यावर नव्हते, बँकेत नव्हते. उद्या मी गेलो तर हिची ओळख पटवणारा एकही कागद नाही, हे त्यांना तेव्हा कळले. आजी सांगते, की त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढे त्यांनी जे केले ते पद्धतशीर होते, म्हणून थोडे तपशिलाने लिहिते. सैनिकाच्या घरातला प्रत्येक बदल, म्हणजे लग्न, मुलाचा जन्म, नावातली दुरुस्ती, पलटणीच्या किंवा रेकॉर्ड ऑफिसच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध व्हावा लागतो, तो तिथे आला नाही तर सरकारच्या लेखी घडलेलाच नसतो. निवृत्तीनंतर दुरुस्ती करायची तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, पतिपत्नीचे एकत्र छायाचित्र, ओळखीचे पुरावे, असे सगळे जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपापल्या रेकॉर्ड ऑफिसकडे (आबांच्या बाबतीत बेळगावच्या) अर्ज करायचा, आणि सुधारलेले नाव पुढे पेन्शन पेमेंट ऑर्डरवर, म्हणजे पीपीओवर, चढले की नाही ते पाहायचे. हे नवरा जिवंत असताना काही महिन्यांत उरकते. तो गेल्यावर त्याच्या सहीशिवाय आणि त्याच्या शब्दाशिवाय तेच काम वर्षानुवर्षे अडते. कौटुंबिक निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के धरले जाते, आणि कोरडवाहू गावात एकट्या बाईच्या घराला तेवढ्याचाच आधार असतो.

आजीचे नाव दुरुस्त झाल्यावर त्यांनी एक लांब हिशेबाची वही आणली आणि गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी जायला सुरुवात केली. ती वही आता माझ्यासमोर आहे. उभ्या रेघा पट्टीने आखलेल्या आहेत आणि वर रकाने आहेत: आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, पीपीओचा नंबर, पत्नीचे नाव कागदावरचे, पत्नीचे नाव घरातले, जन्मतारीख, मुले, बँकेची शाखा. नंतर ‘आधारवरचे नाव’ हा रकाना समासात दाटीवाटीने घातला आहे. जिथे दोन नावे जुळत नाहीत तिथे लाल शाईची फुली, दुरुस्ती झाल्यावर तिच्याभोवती निळा गोल आणि तारीख. मराठा, महार, तोफखाना, सिग्नल, ईएमई, कोणाचाही भेद नाही. ज्या घराशी आमच्या भावकीचा बांधावरून दावा चालू होता, त्या घराचीही ओळ त्याच सुवाच्य अक्षरात आहे.

पुरुष मंडळींकडून त्यांना विरोध झाला, हे सांगितले पाहिजे. नवरा धडधाकट असताना त्याच्या मरणानंतरचे कागद काढणे अनेकांना अशुभ वाटे. काहींना बायकोने फौजेचे कागद पाहणेच पसंत नव्हते. अशा घरी आबा वाद न घालता आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा जात, पीकपाण्याच्या गप्पा मारत, आणि उठताना म्हणत, “तुझ्या माघारी तिनं कुणाच्या दारात जावं असं तुला वाटतं, तेवढं सांग.” बहुतेक जण त्यानंतर ट्रंक उघडत. मी लहानपणी त्यांच्याबरोबर गेले आहे. ट्रंकेतून डांबरगोळ्यांचा वास येई, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले असत, आणि घरातली बाई दाराच्या चौकटीशी उभी राहून आपले नाव कसे लिहिले आहे ते पहिल्यांदाच ऐकत असे.

२०१५ साली ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ लागू झाले तेव्हा कोणाच्या खात्यावर किती फरक यायला हवा हे ते तक्ते पाहून तपासून देत. पुढे निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेले, तेव्हा ते पंच्याहत्तरी ओलांडलेले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू होता. माझ्या मोबाइलवर मी वाचायचे आणि त्यांनी वहीशी ताडून पाहायचे, असे आम्ही दोघांनी गावातल्या नोंदी पुन्हा तपासल्या. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवावा लागे, आणि आयुष्यभर खुरपे धरलेल्या म्हाताऱ्यांच्या बोटांवर ठसाच उरलेला नसे. त्या घाबरत, की आता आपण हयात नाही असे ठरणार. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आल्यावर आमच्या ओसरीवर दर नोव्हेंबरात रांग लागू लागली, आणि आबा प्रत्येकीला पदर सारखा करायला, उजेडाकडे तोंड करायला सांगत उभे असत.

ते गेले त्यानंतर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आजीने कपाटातून एक जाड पाकीट काढून माझ्या हाती दिले. वर त्यांच्या अक्षरात ‘माझ्यानंतर’ एवढेच लिहिले होते. आत पीपीओची प्रत, दुरुस्तीच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत, दोघांचे एकत्र छायाचित्र, संयुक्त खात्याचे पासबुक, आणि मृत्यूचा दाखला आल्यावर कोणत्या कार्यालयात कोणता कागद आधी द्यायचा याची क्रमवार यादी होती. यादीत दाखल्याची जागा रिकामी ठेवली होती. आजीला एकदाही कोणाच्या पाया पडावे लागले नाही. चैत्रात तिच्या खात्यावर पहिले निवृत्तिवेतन जमा झाले, तेव्हा तिने बँकेतल्या मुलीकडून पासबुकावरचे आपले नाव मोठ्याने वाचून घेतले.

वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात अजून तीन लाल फुल्यांभोवती गोल पडायचा आहे. त्यांपैकी एक सिग्नलमधून निवृत्त झालेल्या काकांची आहे. त्यांच्या पत्नीची जन्मतारीख फौजेच्या नोंदीत अजिबात नाही, आणि काकांची तब्येत हल्ली बरी नसते. प्रतिज्ञापत्र तयार आहे, छायाचित्र काढून झाले आहे. येत्या मंगळवारी पहिल्या एसटीने मी काकूंना घेऊन साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहे.